मोंबासाला न गेलेली ट्रंक

थोरल्या जावेच्या आफ्रिकेच्या प्रवासाची सगळी तयारी मी केली. याद्या मी लिहिल्या, कुरडया मी घातल्या, स्वेटर मी विणले, ट्रंक मी भरली. आणि त्या दोन महिन्यांत मी तिच्यावर इतकी जळले की आज आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते. लाज वाटते, पण पुरती नाही. जायला मी हवी होते असं मला अजूनही वाटतं.

तेव्हा आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चार पावलांचं अंगण. माझे मालक मालगाडीवर गार्ड होते. घरात ते, मी, सासूबाई आणि थोरली जाऊ. थोरले दीर लग्नानंतर दोन वर्षांतच विषमज्वराने गेले. जावेला मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर कासुर्डीला. पण भावांनी तिला दिवाळीला न्यायचंसुद्धा सोडून दिलं होतं. आमची मंडळी मूळची मेंढरांमागे फिरणारी. वरवंडला थोडी जमीन होती, ती बटईने दिलेली, आणि तिथल्या घराला कुलूप असायचं. धाकटे दीर दौंडच्याच लोको शेडमध्ये फिटरचं काम शिकले आणि भरती होऊन नैरोबीच्या रेल्वेत गेले. त्यांना तिकडे जाऊन पाच वर्षं झाली होती.

त्यांचं निळं पत्र आलं ते मीच वाचून दाखवलं. घरात सगळं वाचणं माझ्याकडेच असे, कारण मी शिरूरला सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली. दिरांनी लिहिलं होतं की आईनं आता एकदा इकडे यावं, दोन-तीन महिने आराम करावा, सिंह बघावेत, हवापालट करावा. बोटीचं तिकीट ते पाठवणार होते. आईनं एकटीनं यायचं नाही, सोबत एका वहिनीला आणावं. पुढचं वाक्य मला अजून पाठ आहे. "दोघींपैकी कोणीही आली तरी चालेल."

ते वाक्य मी वाचलं आणि मनातल्या मनात बोटीत जाऊन बसले. दुसरं कोण जाणार? मला लिहितावाचता येत होतं, इंग्रजी अक्षरं ओळखता येत होती, स्टेशनवरच्या पाट्या मी भराभर वाचायची. मलाही अजून मूल नव्हतं, म्हणजे अडकवून ठेवणारं काही नव्हतं. थोरलीला तर दौंडहून पुण्याला जाताना मधली स्टेशनं कोणती तेही सांगता यायचं नाही. माझे वडील शिरूरच्या शाळेत शिपाई होते. त्या शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मोंबासा कुठे आहे ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. मोंबासा पाहायला मोंबासा माहीत असलेल्या माणसानेच जावं, असं माझं साधं म्हणणं होतं.

दोन दिवसांनी मी नळावर होते. मालक आणि सासूबाई मागच्या अंगणात हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी हंडा घेऊन आत आले तसे दोघे गप्प झाले. मग सासूबाई म्हणाल्या, "थोरली येईल माझ्यासंगं. तू घर बघ."

मी हंडा खाली ठेवला. थोरली चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही की नको म्हटलं नाही. एखादीने निदान वरवर तरी म्हणावं, की आत्याबाई, धाकटीला न्या. ती गप्प बसून भाकरी थापत राहिली. त्या गप्प बसण्याचा मला जो राग आला तो पुढे तीन-चार महिने टिकला.

मग तयारी सुरू झाली. सोबत जायचं तिने, आणि तयारी करायची मी, कारण यादी मलाच वाचता येत होती. दिरांनी दुसऱ्या पत्रात यादीच पाठवली. काळं तिखट, येसर, शेवया, कुरडया, सांडगे, कारळाची चटणी, बाजरीचं पीठ, आणि भीमेकाठच्या गुऱ्हाळातली एक गुळाची ढेप. खाली लिहिलं होतं, "घोंगडं आणू नका, इथं ब्लँकेटं आहेत." सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्याच दिवशी घोंगडं उन्हात टाकलं.

चैत्र होता. अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालायच्या, कावळे हाकायचे, गव्हाचा चीक घोटायचा. घोटता घोटता दंडाला गोळे यायचे. थोरली मदत करत नव्हती असं नाही. ती माझ्याआधी उठायची आणि माझ्यानंतर बसायची. पण मला तीही मदत खपत नव्हती. "राहू द्या अक्का," मी म्हणायची. "तुम्हाला आता परदेशी जायचंय, हात काळे करू नका." ती ऐकून घ्यायची. दुसऱ्या दिवशी मी तेच पुन्हा म्हणायची, शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

दिरांनी लिहिलं होतं की नैरोबीला जून-जुलैत थंडी असते. सासूबाईंनी पुण्याहून लोकर मागवली आणि दोन स्वेटर विणायचं काम माझ्या गळ्यात घातलं. शाळेत विणकाम शिकले त्याचं हे फळ. दौंडच्या चैत्रात, पत्र्यासारख्या तापलेल्या खोलीत मी लोकर विणत बसायची. हाताला घाम यायचा आणि सुई सरकायची नाही. सासूबाईंचा स्वेटर मी नीट विणला. थोरलीचा विणताना बगलेत चार टाके कमी घातले. मोजायला चुकले असं मी स्वतःला सांगितलं, पण मी मोजायला चुकत नाही.

बुटांचंही तसंच. दिरांनी लिहिलं म्हणून दोघींसाठी कॅनव्हासचे बूट आणि मोजे घेतले. थोरलीने जन्मात बूट घातले नव्हते. सवय व्हावी म्हणून सासूबाई तिला संध्याकाळी क्वार्टरच्या ओळीपुढून चालायला लावायच्या. लुगडं, त्याखाली पांढरे बूट, आणि ती पाय उचलून उचलून टाकत चाललेली. सगळी लाइन बाहेर येऊन बघायची. मी तोंडाला पदर लावून हसले आणि सगळ्यांत जास्त हसले. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली तेव्हा मी ते बूट माझ्या पायात घालून पाहिले. अगदी माझ्याच मापाचे होते.

पासपोर्टला सही लागते, अंगठा नको, असं कोणीतरी मालकांना सांगितलं. म्हणून थोरलीला सही शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. मी तिचा हात धरून पाटीवर तिचं नाव गिरवून घेई. ती पेन्सिल उलथनं धरावं तशी धरायची. दहा दिवसांत तिला नाव लिहिता आलं. पहिल्यांदा तिने ते एकटीने लिहिलं तेव्हा तिने पाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "बघ की, जमलं व्हय?" तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हणाले, "काना राहिला." खरं तर काना होता, थोडा वाकडा होता एवढंच.

देवीची लस आणि इतर सुया टोचून घेतल्यावर तिला तीन दिवस ताप भरला. मी तिला पेज करून दिली, डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. सगळं केलं, पण पट्टी पिळताना मनात येत होतं की हा ताप चांगला मुरला तर डॉक्टर हिला नको म्हणतील. चौथ्या दिवशी ती उठून अंगण झाडायला लागली.

मग मला शिरूरला पाठवलं. लिंबं, सुंठ, औषधाच्या पुड्या आणि मजबूत दोरी आणायची होती, आणि शिरूरच्या बाजारात माझे वडील सोबत असले की कोणी फसवत नसे. एसटीतून उतरून मी माहेरी गेले. आईने विचारलं, "बोटीनं कोण जातंय गं?" मी पाणी पीत होते. पिऊन झालं आणि म्हणाले, "मीच जातेय."

का म्हणाले ते मला सांगता येणार नाही. तोंडातून गेलं. आईने सगळी गल्ली गोळा केली. कोणी आलेपाक दिला, कोणी मूठभर ओवा. आईने तिचं मुरलेलं लिंबाचं लोणचं बरणीतून काढून दिलं. "पाण्यात मळमळतं म्हणत्यात. जिभंला लावीत जा," ती म्हणाली.  वडिलांनी मात्र बाजारात माझ्यासोबत चालताना एवढंच विचारलं, "जावई सोडणार तुला?" मी म्हणाले, "का नाही सोडणार आप्पा?" त्यांनी दोरीवाल्याकडे बघितलं आणि दोरी ताणून पाहिली.

ती लोणच्याची बरणी मी ट्रंकेत घातली नाही. लाकडाच्या फळीमागे ठेवली आणि पुढे एकटीने खाल्ली. गल्लीला खरं कधी कळलं, आईला काय वाटलं, ते सांगत बसत नाही. आईने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही एवढं खरं.

ट्रंका दौंडच्या स्टेशनरस्त्यावर एक चाचा बनवायचे. त्यांच्या आजोबांपासून त्यांचं पत्र्याचं काम होतं आणि सगळ्या रेल्वे कॉलनीच्या पेट्या त्यांच्याच हातच्या. आम्ही दोन ट्रंका सांगितल्या, एक लहान आणि एक मोठी. लहान ट्रंक बोटीत बायकांजवळ राहणार, तिच्यात दशम्या, चटणी, रोजची दोन लुगडी आणि सासूबाईंचं घोंगडं. मोठी बोटीच्या पोटात जाणार, तिच्यात नवे कपडे, स्वेटर आणि दिरांसाठी नेलेलं सगळं सामान. चाचांचे वडील बोटीने हजला जाऊन आलेले होते, त्यामुळे चाचांना बोटीचं सगळं माहीत होतं.

"हे बघा भाभी," चाचा म्हणाले, "बंदरावर हज्जार पेट्या आस्त्यात, समद्या एकासारख्या. हमालाला नाव बिव काय वाचायचं नस्तं. त्यो मोठं अक्षर बघतो आन् पेटी तिकडं ढकलतो. जायचं गाव मोठ्ठं घाला. मी घालू का रंगानं?"

"मी घालते," मी म्हणाले. "मला येतं."

रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन मी घरी आले. आता इथे आमच्या रेल्वेच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. गार्डाची एक पेटी असते. तिच्यात झेंडे, दिवा, कागद, डबा असं सगळं असतं आणि ती त्याच्याबरोबर गाडीत चढते. त्या पेटीवर गार्डाचं नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत त्याच्या मुख्य ठाण्याचं नाव लिहिलेलं असतं. मग ती पेटी मनमाडला राहो की सोलापूरला, अक्षर बघून कोणीतरी तिला परतीच्या गाडीत टाकतं आणि ती घरी येते. आमच्या घरात अशी एक पेटी रोज ये-जा करायची. तिच्यावर इंग्रजीत मोठं थोरलं दौंड लिहिलेलं होतं.

मी अंगणात मोठी ट्रंक उभी केली. वर सासूबाईंचं नाव घातलं. मग ब्रश बुडवून मोंबासा लिहायला हात नेला आणि हात जाईना. दुसऱ्या बाईच्या साड्यांच्या पेटीवर मी माझ्या हाताने मोंबासा लिहायचं? वीतभर उंचीच्या अक्षरांत?  मग मालकांची पेटी समोर होती तिच्यावर बघून बघून, एकेक अक्षर ताशीव काढत, मी तिथे दौंड लिहिलं. मोंबासा मी एका कागदावर शाईने लिहिलं आणि तो कागद खळीने कडेला चिकटवला. चाचांचं म्हणणं मला नीट आठवत होतं. मी विसरले असं मी कोणालाही, अगदी देवापुढेही, म्हणणार नाही.

संध्याकाळी मालकांनी ट्रंक पाहिली. अक्षरांवरून हात फिरवून म्हणाले, "झ्याक काढलंस." जन्मभर पेटीवर दौंड बघायची सवय असलेल्या माणसाला त्यात काहीही वावगं दिसलं नाही.

ट्रंक भरायचा दिवस आला. सासूबाईंनी थोरलीसाठी एक नवी साडी घेतली होती, नऊवारी नव्हे, पाचवारी, निळ्या जमिनीवर बारीक पांढरी फुलं. दीर गेल्यापासून थोरलीने फुलांचं काही अंगाला लावलं नव्हतं. "तकडं कोण बघतंय," सासूबाई म्हणाल्या, "तकडं नेस." थोरलीने ती घडी मांडीवर घेतली आणि तिच्यावर नुसता हात ठेवून बसली. मी तिच्याकडून घडी घेतली आणि ट्रंकेत तळाला घातली, वर गुळाची ढेप येईल अशी. सासूबाईंनी बघितलं आणि मला ती काढून वर ठेवायला लावली.

मालक त्यांना मुंबईपर्यंत पोचवून आले. गाडी सुटताना थोरली खिडकीशी होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "येते गं." मी म्हणाले, "जा." येते म्हणणाऱ्या माणसाला जा म्हणू नये, या म्हणावं, हे मला माहीत होतं. आमच्यात ते फार बघतात. डब्यातल्या दोन बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

मग घरात आम्ही दोघंच राहिलो. मी रोज हिशोब करायची, आज बोट कुठे असेल. शाळेतला नकाशा डोळ्यांपुढे आणायची आणि त्या निळ्या भागात एक ठिपका पुढे सरकवायची. त्या ठिपक्यात थोरली बसलेली असायची. कॉलमन ड्यूटीची वेळ सांगायला दारावर यायचा, मी उठून मालकांचा डबा करायची, आणि भाकरी उलटताना मला वाटायचं की ती या वेळी हात पुसत समुद्र बघत असेल.

सतरा-अठरा दिवस झाले असतील. दुपारी पार्सल ऑफिसचा हमाल हातगाडी घेऊन दारात आला. हातगाडीवर मोठी ट्रंक. दोरी माझीच, गाठ माझीच. कडेचा कागद नव्हता, तिथे फक्त खळीचा पिवळा चौकोन उरला होता. वीतभर अक्षरांत दौंड मात्र लखलखीत होतं. बंदरावर कोणीतरी ते वाचलं आणि आमच्या रेल्वेने इमानदारीने पेटी घरी आणून दिली.

मला आधी हसू आलं. मग घाम फुटला. आणि त्यानंतर जे केलं ते सांगायचं तर सांगते. मी दार लावलं, घरात राहिलेल्या दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडलं, ती निळी साडी काढली आणि नेसले. वरून थोरलीचा स्वेटर चढवला, ज्येष्ठाच्या उकाड्यात. आरशाला वीतभर काच. मागे सरकून, पुढे सरकून स्वतःला तुकड्या-तुकड्याने बघत होते. मला ती साडी फार चांगली दिसत होती.

दार वाजलं. मालक ड्यूटीवरून आले होते. मला वाटलं शेजारीण असेल म्हणून मी तशीच उघडायला गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ट्रंकेकडे, मग ट्रंकेवरच्या अक्षरांकडे. त्यांना सगळं एकदम कळलं.

"तू हे मुद्दाम केलंस," ते म्हणाले.

मी स्वेटर डोक्यावरून काढायला लागले.

"आय आन् वहिनी तिथं दोन लुगड्यांवर असतील. कळतंय का तुला?"

"मला नेलं असतं तर माझं सामान मी नीट लिहिलं असतं," मी म्हणाले. "तुमच्या आईला मी नको झाले होते."

"आयला?" ते ओरडले नाहीत, उलट त्यांचा आवाज खाली गेला. "आय तुझंच नाव घेऊन बसली व्हती. तिला लिवणारं-वाचणारं माणूस पायजे व्हतं. म्याच नको म्हणालो."

"का?"

त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि हातपाय धुवायला मागे गेले. मी तीनदा विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी माझंच उत्तर शोधलं: यांना वेळेवर डबा हवा, म्हणून माझी बोट बुडवली. त्या दिवसापासून माझा अर्धा राग थोरलीवरून निघून त्यांच्यावर गेला. पुढचे दोन महिने मी भाकरी केली ती नुसती भाकरी केली. कामापुरतं बोलले. तेही तेवढंच बोलले.

नैरोबीचं पत्र आलं. दिरांनी लिहिलं होतं की दोघी सुखरूप पोचल्या, मोठी ट्रंक हरवली, बंदरावर चौकशी चालू आहे. आई घोंगडं पांघरून झकास आहे. थोरल्या वहिनींना शेजारणीचा जुना कोट दिला आहे. मालकांनी उत्तर लिहिलं, ट्रंक इकडे चुकून परत आली आहे. चुकून हा शब्द त्यांनी लिहिला आणि मला वाचायला दिला. मी वाचून पाकीट बंद केलं.

श्रावणात त्या परत आल्या. सासूबाई उजळल्या होत्या. सिंह बघितला, जिराफ बघितला, गोऱ्या बायका बघितल्या, लाइनीतल्या बायका आठ दिवस येऊन ऐकत होत्या. थोरली पूर्वीसारखीच गप्प. तिचे पांढरे बूट मातीने तांबडे झालेले. मला तो तांबडा रंग डोळ्यात खुपायचा. माझ्या पायाला कधी न लागलेली माती.

एकदा दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. आम्ही दोघी पडवीत बाजरी निवडत होतो. मला ते पोटात ठेवणं जमेना. "अक्का," मी म्हणाले, "ट्रंकेवर दौंड मी मुद्दाम लिहिलं. चाचांनी मला बजावलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. तिने खडा काढून बाजूला टाकला. "मला वाचता येत न्हाई, पर त्येंच्या पेटीवरचं मी रोज बघते की. त्येच अक्षर व्हतं. निघायच्या आदल्या दिशीच दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझा जीव जळत व्हता. मला वाटलं, जाऊ दे एक पेटी."

मी रडकुंडीला आले होते, पण माझ्या रडण्यातही तक्रारच होती. "यांनी मला सोडलं नाही अक्का. आत्याबाई मला न्यायला तयार होत्या. यांना डबा हवा म्हणून मी राहिले आणि तुम्ही गेलात."

थोरलीने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, आणि तिला आश्चर्य वाटलेलं मला दिसलं, की मला हे इतके दिवस कळलं नाही.

"डब्याचं न्हवं गं ते," ती म्हणाली. "डबा मीबी केला असता. तू आन् आत्याबाई गेला असता, तर घरात कोण ऱ्हायलं असतं? मी आन् त्ये. दोन खोल्या. लाइनीतल्या बायका काय बोलल्या असत्या? त्ये म्हणाले, वैनीच्या नावाला डाग नको. आन् कासुर्डीला मला कोण घेतंय." तिने सूप पुन्हा उचललं. "मला न्यायचं म्हणून न्हाई नेलं. मला ठिवायचं कुटं, म्हणून नेलं."

 अंगणातल्या त्या हळू बोलण्यात काय असेल याच्या मी शंभर गोष्टी केल्या होत्या, प्रत्येक गोष्टीत माझं नुकसान होतं. ही एक मला सुचली नव्हती. चुलीपुढे बसून मान खाली घालून तिने ते सगळं ऐकलं होतं, तिला कुठे ठेवावं याची चर्चा, आणि तिच्या त्या गप्प बसण्याला मी इतके महिने गर्व म्हणत होते.

"समुद्र कसा होता?" मी विचारलं.

"लई मोठा," ती म्हणाली. मग सूप हलवत म्हणाली, "बोटीवर आठ दिस कुणी मला इचारलं न्हाई, तुमचे मालक कुटं हायेत म्हणून. समद्यांस्नी वाटलं, फुडं मोंबासाला हायेत. मीबी वाटू दिलं."

ती हे सांगताना थोडी हसली, आणि त्या हसण्याचा मला पुन्हा हेवा वाटला. खोटं कशाला लिहू, वाटलाच. ते आठ दिवस तिचे होते, मला ते मिळायचे नव्हते. मग मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. घरात आल्यापासून तिला मी थोरली म्हणत आले होते, म्हणून मनात ती नेहमी वयस्कच होती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.